एकच 'व्हेन' आणि तीन क्लॉज: ओळखायचे कसे?

खणभागची
नमस्कार मंडळी. एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेची तयारी करतेय, सांगलीतच एका अभ्यासिकेत बसते. बाकीचे विषय रेटून होतात, पण इंग्रजीत क्लॉज, म्हणजे उपवाक्य, आला की घोडं अडतं. व्याख्या तोंडपाठ आहेत: नामाचं काम करतो तो नाउन क्लॉज, विशेषणाचं करतो तो ॲडजेक्टिव्ह, क्रियाविशेषणाचं करतो तो ॲडव्हर्ब. वाक्य समोर आलं की मात्र कोण कुणाचं काम करतोय हेच कळत नाही.

(इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहितेय. मोबाइलवर दर वाक्याला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.)

ही तीन वाक्यं बघा:

'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.'
'आय विल कॉल यू व्हेन ही कम्स.'
'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम.'

एका टेस्ट सिरीजच्या उत्तरतालिकेत तिन्ही ठिकाणी ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ टाइम दिलंय. कारण काय, तर 'व्हेन' आहे. मला हे पटत नाही. तिन्ही सारखेच असतील तर पहिल्यात 'विल' चालतं आणि दुसऱ्यात का चालत नाही? दुसऱ्यात 'व्हेन ही विल कम' लिहिलं की त्याच तालिकेत ते चूक धरलंय.

हळदबाजार
ताई, आधी टेस्ट सिरीज बदला. निम्मे क्लॉज आपोआप सुटतील.

गुरुजी सातारा
बाळ, तुझी शंका रास्त आहे आणि तालिका चुकीची आहे. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, तेव्हा थोडं विस्ताराने लिहितो.

उपवाक्याची सुरुवात कोणत्या शब्दाने झाली यावरून त्याचा प्रकार ठरत नाही. मुख्य वाक्यात ते कोणत्या जागी बसलंय यावरून ठरतो. पहिल्या वाक्यात 'आय डोन्ट नो' एवढंच म्हणून थांब. काय माहीत नाही? 'नो'ला कर्म पाहिजे, आणि 'व्हेन ही विल कम' हे अख्खं त्या कर्माच्या जागी बसलंय. त्याऐवजी 'इट' किंवा 'द डेट' घातलं तरी वाक्य उभं राहतं. म्हणून नाउन क्लॉज.

दुसऱ्यात 'आय विल कॉल यू' हे स्वतःच्या पायावर उभं आहे. कर्म 'यू' आधीच आलंय. मागचा तुकडा काढला तरी काही पडत नाही, आणि उचलून पुढे नेला तरी चालतो: 'व्हेन ही कम्स, आय विल कॉल यू.' म्हणून ॲडव्हर्ब क्लॉज. पहिल्या वाक्याची अशी उलटापालट करून बघ, लगेच कानाला खटकेल.

तिसऱ्यात 'व्हेन'च्या अगोदर 'डे' हे नाम आहे. कोणता दिवस? तर तो आला तो. नामाला चिकटून नामाचीच माहिती देतो तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

आता 'विल'. भविष्यकाळाचं 'विल' टाळायचं ते फक्त वेळेच्या आणि अटीच्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये. मुख्य वाक्यातल्या 'विल कॉल'ने भविष्य एकदा सांगून झालंय, दुसऱ्यांदा सांगायची इंग्रजीला गरज वाटत नाही. नाउन क्लॉजमध्ये ही बंदी नाही, कारण तिथे भविष्यात काय होणार हाच प्रश्न आहे. ॲडजेक्टिव्ह क्लॉजमध्येही नाही. पेपर काढणाऱ्यांचं एक आवडतं वळण सांगून ठेवतो: 'द डे विल कम व्हेन यू विल थँक मी.' 'डे' आणि 'व्हेन' यांच्यामध्ये 'विल कम' घुसलंय, म्हणून पोरं त्याला वेळेचा ॲडव्हर्ब क्लॉज समजतात. पण 'व्हेन यू विल थँक मी' हे 'डे'चंच वर्णन आहे, आणि तिथे 'विल' बरोबर आहे.

पोवई नाका
गुरुजी, बारीक दुरुस्ती. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द मॅनेजर' हे शुद्ध इंग्रजी आहे आणि इथे अटीच्या क्लॉजमध्ये 'विल' आहे.

गुरुजी सातारा
आहे. ते 'विल' भविष्याचं नाही, विनंतीचं आहे. 'थांबायची तयारी असेल तर' असा अर्थ. म्हणून तर वर 'भविष्यकाळाचं विल' असं लिहिलं.

शब्दच्छल
खणभागची, गुरुजींची कसोटी पक्की आहेच. त्याच्या जोडीला एक शॉर्टकट देतो. इंग्रजीवाल्यांना तो मिळत नाही, आपल्याला घरबसल्या मिळतो.

इंग्रजीत 'व्हेन, व्हेअर, हू, व्हॉट' हे शब्द दोन नोकऱ्या करतात: प्रश्न विचारतात आणि दोन वाक्यं जोडतात. मराठीत या दोन नोकऱ्यांना दोन वेगळी माणसं आहेत. प्रश्नाला 'क' ची रांग: कधी, कुठे, कोण, काय, कसं. जोडायला 'ज' ची रांग: जेव्हा, जिथे, जो, जे, जसं. इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि कोणती रांग उभी राहते ते बघायचं.

'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम': तो कधी येईल माहीत नाही. 'जेव्हा येईल माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. 'क' आला, म्हणजे नाउन क्लॉज. विषय मिटला.

'आय विल कॉल यू व्हेन ही कम्स': जेव्हा येईल तेव्हा फोन करते. 'ज' आला. आता एकच बघायचं, की त्याच्या अगोदर तो ज्याचं वर्णन करतोय असं नाम आहे का. नाही, म्हणून ॲडव्हर्ब. तिसऱ्यात आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह.

'व्हेअर' लावून बघा. 'आय नो व्हेअर ही लिव्ज': तो कुठे राहतो ते माहीत आहे, नाउन. 'स्टे व्हेअर यू आर': जिथे आहेस तिथेच थांब, ॲडव्हर्ब. 'द हाउस व्हेअर ही लिव्ज': ज्या घरात तो राहतो ते, ॲडजेक्टिव्ह. 'इफ'चंही तसंच, फक्त तिथे 'का' आणि 'तर' अशी फूट पडते. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम': येईल का माहीत नाही. 'आय विल कॉल यू इफ ही कम्स': आला तर फोन करते.

आणि त्या 'विल'च्या नियमाचा बाऊ करू नका. तो आपल्या तोंडात आहेच. 'तो येईल की फोन करते' म्हणता का? 'पाऊस येईल तर जाणार नाही'? 'आला की', 'आला तर' असंच म्हणतो आपण. गोष्ट उद्याची आहे आणि क्रियापद चक्क भूतकाळाच्या रूपात! इंग्रजी वर्तमानावर थांबते, आपण आणखी एक पायरी खाली उतरतो.

हळदबाजार
आयला. 'आला की फोन करते'. आजवर कधी लक्षातच आलं न्हाई.

पोवई नाका
शॉर्टकट चांगला आहे, पण 'क आला की विषय मिटला' हे जरा जास्त झालं. हे घ्या: 'व्हॉटएव्हर ही सेज, आय विल गो.' तो काहीही म्हणाला तरी मी जाणार. 'काही' म्हणजे 'क' चीच रांग. क्लॉज मात्र ॲडव्हर्ब आहे.

दुसरी गोष्ट. 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू.' तो जे म्हणाला ते खरं होतं. 'ज' आहे, नाम अगोदर कुठेच नाही. तुमच्या हिशोबाने ॲडव्हर्ब व्हायला हवा. पण हा 'वॉज'चा कर्ता आहे, म्हणजे नाउन क्लॉज!

शब्दच्छल
दोन्ही मुद्दे मान्य करण्यासारखे आहेत, पण त्यांनी शॉर्टकट मोडत नाही, फक्त त्याला कुंपण पडतं.

पहिल्यात नुसता 'क' नाही, 'क' ला 'ही' लागलाय आणि शेवटी 'तरी' आहे. 'काहीही, कुणीही, कुठेही' आणि मागून 'तरी' आलं की ती सवलतीची बाब झाली, 'ऑल्दो'च्या कुळातली. प्रश्नाचा 'क' तो नव्हे.

दुसऱ्यात 'जे' ची जोडी 'ते' शी आहे, आणि ते 'ते' मराठीत सरळ कर्ता म्हणून बसलंय: 'ते खरं होतं'. 'ज' दिसला की त्याचा जोडीदार बघायचा. जोडीदार 'तेव्हा, तिथे, तसं' असेल तर ॲडव्हर्ब. नुसतं 'ते' किंवा 'तो' असून इंग्रजीत अगोदर नाम नसेल तर नाउन. इंग्रजीत 'व्हॉट'च्या पोटात 'ते' आणि 'जे' दोन्ही गिळलेले असतात, मराठी ते बाहेर काढून दाखवते. 'आय आस्क्ड व्हॉट ही सेड' घ्या: 'काय म्हणाला' ते विचारलं. हाही नाउनच, पण प्रश्नातून आलेला. परीक्षेत दोन्हींना एकच नाव, तेव्हा गुण कुठे जात नाहीत.

विट्याची आई
मुलगा बारावीला आहे, त्याच्यासाठी वाचतेय. आमच्याकडे 'दॅट'वरून रोज वाद. 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस' यात नाउन क्लॉज आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस' यात ॲडजेक्टिव्ह, असं त्याच्या बाईंनी सांगितलं. दोन्हीकडे अगोदर 'न्यूज' हे नाम आहे, दोन्हीकडे 'दॅट' आहे. मग फरक कुठून आला? आणि इथे 'क' ही नाही, 'ज' ही नाही.

शब्दच्छल
ताई, इथे तर मराठी आणखी उपयोगी पडते. दोन्ही वाक्यं मराठीत बोलून बघा, पण पुस्तकी नको, आपण बोलतो तशी.

त्याने राजीनामा दिल्याची बातमी.
त्याने आणलेली बातमी.

एकीकडे 'दिल्याची', दुसरीकडे 'आणलेली'. 'आणलेली राजीनाम्याची बातमी' म्हणता येतं, पण 'राजीनामा दिलेली बातमी' म्हटलं तर बातमीनेच राजीनामा दिला असं होईल. '-ल्याची' आलं की पुढचा मजकूर म्हणजेच ती बातमी: नाउन क्लॉज, 'न्यूज'च्या शेजारी तिचाच अर्थ उलगडून सांगणारा. '-लेली' आलं की बातमीचं वर्णन: ॲडजेक्टिव्ह.

इंग्रजीतल्या इंग्रजीत तपासायचं तर 'दॅट' झाकून उरलेलं वाचा. 'ही हॅड रिझाइन्ड' हे पूर्ण वाक्य आहे. 'ही ब्रॉट' अर्धं आहे, काय आणलं ते नाही. ती रिकामी जागा 'न्यूज'ची आहे, तीच 'दॅट'ने भरलीय. म्हणून ॲडजेक्टिव्हच्या ठिकाणी 'विच' घालता येतं, नाउनच्या ठिकाणी येत नाही.

विट्याची आई
'राजीनामा दिलेली बातमी' वाचून मुलगा हसत सुटला. म्हणजे कळलं बहुतेक.

कर्जवसुली
मी कराडला बँकेत आहे. क्लॉजची परीक्षा आम्ही रोज देतो, फक्त गुण मिळत नाहीत. वरची मराठी युक्ती वाचून मजा आली, पण तीच युक्ती माणसाला खड्ड्यात कशी घालते तेही लिहायला हवं.

वाहनकर्जाच्या करारात अशा थाटाचं वाक्य असतं: 'द बॉरोअर शॅल नॉट सेल द व्हेइकल अनलेस द लोन हॅज बीन रिपेड इन फुल.' हे मराठीत सांगायचं तर आम्ही म्हणतो, 'जोपर्यंत कर्ज पूर्ण फिटत नाही तोपर्यंत गाडी विकता येणार नाही.' बघा, मराठीत 'नाही' दोनदा आलं. आता याचंच पुन्हा इंग्रजी करायला सांगा. दहातले आठ जण लिहितात, 'अनलेस द लोन इज नॉट रिपेड'. अर्थ बरोब्बर उलटा, म्हणजे कर्ज थकलेलं असेल तरच गाडी विका! नकार 'अनलेस'च्या पोटातच आहे, 'नॉट' वेगळं लागत नाही. 'अनटिल'चंही असंच. 'मी येत नाही तोवर थांब' याचं 'वेट अनटिल आय डोन्ट कम' करणारे अर्ज मी हाताळलेत, तेही चांगल्या शिकलेल्या लोकांचे.

आणखी एक, स्वल्पविरामाचं. 'द गॅरेंटर्स हू हॅव साइन्ड बिलो आर लायेबल' म्हणजे ज्यांनी खाली सही केलीय तेवढेच जामीनदार जबाबदार. 'द गॅरेंटर्स, हू हॅव साइन्ड बिलो, आर लायेबल' म्हणजे जामीनदार झाडून सगळे जबाबदार, आणि जाता जाता सांगायचं तर त्यांनी खाली सही केलीय. दोन स्वल्पविरामांनी एक माणूस अडकतो किंवा सुटतो. 'ज्यांनी... ते' या मराठीत पहिलाच अर्थ निघतो, दुसऱ्यासाठी आपण वाक्यच वेगळं करतो. त्यामुळे मराठीतून विचार करणाऱ्याला इथे स्वल्पविराम दिसतच नाही.

पोवई नाका
सहमत. माझंही म्हणणं हेच होतं. प्रकार ओळखायला मराठी घ्या, इंग्रजी लिहायला नको.

गुरुजी सातारा
'अनलेस... नॉट' हे लाल शाईने लिहून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

मला वेगळीच काळजी आहे. तुम्ही सगळे जोडशब्द धरून चाललाय, 'व्हेन'वाला, 'दॅट'वाला. इंग्रजी बऱ्याचदा जोडशब्द गाळते. 'द बुक आय बॉट इज लॉस्ट' यात 'दॅट' कुठे आहे? 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम' यात 'इफ' कुठे आहे? म्हणून क्लॉजचा प्रकार ओळखायच्या अगोदर क्लॉज किती आहेत ते मोजावं, आणि ते क्रियापदांवरून मोजावं. काळ दाखवणारं, कर्त्याला जोडलेलं एक क्रियापद म्हणजे एक क्लॉज. 'टू गो', 'गोइंग' यांना मोजायचं नाही, त्यांना स्वतःचा काळ नसतो.

सांगलीकरांसाठी सांगलीचंच वाक्य देतो. पोरी, फोड करून दाखव:

'द फॅमिलीज हू हॅड सीन द वॉटर राइज इन २०१९ न्यू दॅट फोर्टी-फाइव्ह फीट ॲट आयर्विन ब्रिज मेंट दे हॅड टू लीव्ह.'

हळदबाजार
गुरुजी, आयर्विन पुलापाशी कृष्णेला पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. इशारा चाळीसलाच होतो. आणि २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं. आमच्याकडं पावसाळ्यात 'जेवलास का' च्या आधी 'आयर्विनला किती फूट' विचारत्यात. व्याकरणात तरी पाणी नको आणायला हवं होतं.

खणभागची
प्रयत्न करते.

काळ दाखवणारी क्रियापदं: 'हॅड सीन', 'न्यू', 'मेंट', 'हॅड टू'. चार. म्हणजे चार क्लॉज.

'हॅड सीन' कुणी? 'हू' ने, आणि 'हू' म्हणजे फॅमिलीज. ज्या कुटुंबांनी पाहिलं होतं ती. 'ज' आहे, नाम अगोदर आहे, ॲडजेक्टिव्ह.

'न्यू' कुणाला? इथे अडकले. 'न्यू'च्या लगेच आधी '२०१९' आहे आणि त्याच्या आधी 'वॉटर'. पाण्याला माहीत होतं असं तर होणार नाही. म्हणून मागे जात जात 'फॅमिलीज'पर्यंत गेले. 'द फॅमिलीज न्यू' हे मुख्य वाक्य.

काय माहीत होतं? 'दॅट फोर्टी-फाइव्ह फीट मेंट' वगैरे. 'न्यू'चं कर्म, नाउन. 'दॅट' झाकलं तरी उरलेलं पूर्ण आहे.

'मेंट' म्हणजे काय अर्थ होता? 'दे हॅड टू लीव्ह'. इथे 'दॅट' नाही, पण घालता येतं. 'मेंट'चं कर्म, पुन्हा नाउन, आणि हा आधीच्या नाउन क्लॉजच्या आत आहे.

'राइज'चं काय करायचं ते कळलं नाही. पाणी चढलं हे तर क्रियापद आहे, कर्ताही आहे.

गुरुजी सातारा
शाब्बास! जोडशब्द मोजले असतेस तर 'हू' आणि 'दॅट' असे दोनच मिळाले असते आणि शेवटचा क्लॉज हातातून निसटला असता. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ॲडजेक्टिव्ह क्लॉज येऊन बसला की दोघांची ताटातूट होते, हे तू बरोबर पकडलंस. अशा वेळी मधला तुकडा कंसात टाकून वाचावं.

'राइज'ला मोजायचं नाही. काळ कुठे आहे त्याला? 'आय सी द वॉटर राइज', 'आय सॉ द वॉटर राइज', 'राइज' बदलत नाही. तो फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह.

शब्दच्छल
इथे मात्र मी गुरुजींच्या विरोधात. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं १९८५ चं मोठं व्याकरण आलं, त्यात क्लॉजचे फायनाइट (काळ दाखवणारे), नॉनफायनाइट (काळ न दाखवणारे) आणि चक्क क्रियापदाविना असलेले असे तीन गट केलेत. त्या हिशोबाने 'राइज' हा नॉनफायनाइट क्लॉज. खणभागची म्हणतेय तेच खरं: करणारा आहे, क्रिया आहे, नुसता काळ नाही म्हणून त्याला फ्रेज म्हणून हिणवायचं कशाला? आपल्या 'पाणी चढताना पाहिलं' मध्येही पाणीच चढतंय.

त्याहून पुढे, हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांनी २००२ मध्ये नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब ही वाटणीच टाकून दिली. त्यांच्याकडे काळ दाखवणाऱ्या गौण उपवाक्यांचे रिलेटिव्ह ('जो-तो'वाले), कंपॅरेटिव्ह (तुलनेचे) आणि कंटेंट (मजकूर सांगणारे) असे गट आहेत, आणि 'आफ्टर', 'बिफोर' यांना ते उपवाक्य घेणारी प्रिपोझिशन मानतात. आपण ज्या तीन पेट्यांवरून भांडतोय त्या आता सगळीकडे चालत नाहीत.

गुरुजी सातारा
पेपर कोण काढतो ते सांगा. बोर्डाच्या पेपरात 'बीइंग इल, ही स्टेड ॲट होम' याला सिंपल सेंटेन्स, म्हणजे एकाच क्लॉजचं वाक्य, म्हणतात. 'बीइंग इल'ला क्लॉज म्हटलं की तो कॉम्प्लेक्स झाला, आणि 'मेक इट सिंपल' हा प्रश्नच निकालात निघाला. 'टू टायर्ड टू वॉक'चं 'सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक' करायला लावतात, तेही याच भिंतीवर उभं आहे. विद्यापीठात काय शिकवायचं ते विद्यापीठाने ठरवावं. या पोरीला परीक्षा द्यायचीय.

शब्दच्छल
परीक्षेपुरतं फायनाइटच मोजावं, यावर वाद नाही. पण 'बीइंग इल'ला मनात तरी क्लॉज समजा, कारण त्याचा न लिहिलेला कर्ता शोधायची सवय लागते. ती नसली की काय होतं त्याचा नमुना: 'वॉकिंग ऑन आयर्विन ब्रिज, द फ्लड लुक्ड टेरिबल.' पुलावरून कोण चालतंय?

हळदबाजार
पूर चालतोय. २०१९ ला शहरात फिरलाच की, पायी पायी.

पोवई नाका
:) काळ नसलेल्या क्रियापदाने माणूस कसा घसरतो त्याचा दुसरा प्रकार. मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बीव्हर यांनी १९७० मध्ये अशी वाक्यं चर्चेत आणली, त्या साच्यावर आपलं सांगलीचं: 'द बुलक वॉक्ड पास्ट द मार्केट यार्ड फेल.' वाचा आणि सांगा.

विट्याची आई
'बैल मार्केट यार्डावरून चालत गेला'... आणि 'फेल' कशाला आलं? चूक आहे का वाक्य?

पोवई नाका
वाक्य बरोबर आहे. 'द बुलक दॅट वॉज वॉक्ड पास्ट द मार्केट यार्ड फेल.' ज्या बैलाला यार्डावरून चालवत नेलं तो पडला. 'दॅट वॉज' गाळलंय. 'वॉक्ड'चं भूतकाळाचं रूप आणि 'चालवलेला' हे रूप इंग्रजीत दिसायला एकच, म्हणून आपण पहिल्याच क्रियापदाला मुख्य समजून पुढे जातो आणि 'फेल'वर आपटतो. मराठीत 'चालत गेला' आणि 'चालवत नेलेला' यांची गल्लत होऊच शकत नाही.

गुरुजींचा नियम इथेही लागू आहे: काळ दाखवणारं क्रियापद एकच, 'फेल'. 'वॉक्ड' इथे विशेषणासारखं आहे.

गुरुजी सातारा
मात्र असं वाक्य उत्तरपत्रिकेत कुणी लिहू नये. 'दॅट वॉज' लिहायला शाई फार लागत नाही.

खणभागची
माझा शेवटचा प्रश्न, मग अभ्यासाला बसते. 'गिव्ह द फॉर्म टू हूएव्हर कम्स फर्स्ट' की 'हूमएव्हर'? 'टू' नंतर 'हिम', 'देम' असं कर्माचं रूप येतं ना? मग 'हूमएव्हर' हवं असं मैत्रीण म्हणते. आणि पोवई नाका यांच्या 'व्हॉटएव्हर'सारखा हाही सवलतीचा ॲडव्हर्ब क्लॉज धरायचा का?

पोवई नाका
सवलतीचा नाही. मराठीत 'कुणीही आलं तरी' म्हणतेस का? नाही. 'जो कोणी आधी येईल त्याला फॉर्म दे.' 'जो' आणि 'त्याला', 'तरी' नाही, इंग्रजीत अगोदर नामही नाही. म्हणून नाउन. 'हूएव्हर कम्स, डोन्ट ओपन द डोअर' असतं तर कुणीही आलं तरी, म्हणजे ॲडव्हर्ब.

शब्दच्छल
आणि उत्तर 'हूएव्हर'. 'टू'च्या पुढे एकटा शब्द नाही, 'हूएव्हर कम्स फर्स्ट' हा अख्खा क्लॉज आहे. त्या क्लॉजच्या आत 'कम्स'ला कर्ता लागतो, तो 'हूएव्हर'. 'हूमएव्हर' कधी, तर आतल्या क्रियापदाला कर्म हवं असेल तेव्हा: 'गिव्ह द फॉर्म टू हूमएव्हर यू लाइक.' आवडणारी तू, आवडता तो.

खणभागची
'जो कोणी येईल त्याला' आणि 'जो कोणी तुला आवडेल त्याला'. मराठीत दोन्हीकडे 'जो'च राहतो, कारण 'आवडणे'चा कर्ता तोच असतो. म्हणजे इथे मराठीवर जायचं नाही, 'लाइक'च्या मागे 'यू' आहे का ते बघायचं.

शब्दच्छल
अगदी. आतल्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता वेगळा दिसला की 'हूमएव्हर'. फक्त 'यू थिंक'सारखा मध्येच घुसलेला तुकडा कर्ता म्हणून मोजू नको: 'गिव्ह द फॉर्म टू हूएव्हर यू थिंक इज ऑनेस्ट.' इथे 'इज'ला कर्ता हवा, तो 'हूएव्हर'च.